फाकलेला पाना आणि बोईसरचं काउंटर

शनिवारी सकाळी विरारला डहाणू लोकल पकडणाऱ्यांचे सरळ दोन प्रकार असतात. एक शॉर्ट्स-गॉगल-स्पीकरवाले, हे केळवे रोडला उतरणार. दुसरे डबा-पास-डुलकीवाले, हे पालघर-बोईसरला ड्युटीवर चाललेले. मी तिसऱ्याच प्रकारात! सॅकमध्ये एक फाकलेला पाना, एक मोडका रॅचेट आणि कस्टमर केअरच्या सात ई-मेल्सचे प्रिंटआऊट.

वीकेंडला बीच सोडून हार्डवेअरच्या दुकानात कोण जातं, असं तुम्ही म्हणाल. थांबा जरा.

झालं असं, की विरारच्या नव्या फ्लॅटचा ईएमआय सुरू झाल्यावर मला अचानक साक्षात्कार झाला की प्रत्येक स्क्रूसाठी माणूस बोलावणं परवडत नाही. मग ऑनलाइन टूल सेट मागवला. ४६ नग, झकास ब्लॅक केस आणि बॉक्सवर सोनेरी अक्षरांत ‘लाइफटाइम वॉरंटी’. कंपनीचं नाव सांगत नाही, कारण माझं भांडण अजून संपलेलं नाही. सहाव्या महिन्यात वॉशिंग मशीनच्या स्टँडचा बोल्ट आवळताना पाना सटकला आणि माझी बोटं सोलवटून निघाली. मग त्यातलाच रॅचेट घेतला, तर तो ‘कट्ट’ म्हणाला आणि दोन्ही बाजूंनी गरगर फिरायला लागला.

कस्टमर केअरने आधी बिल मागितलं. मग फोटो. मग बॅच नंबर, जो बॉक्सवर होता आणि बॉक्स कधीच रद्दीत गेला होता. शेवटी कळवण्यात आलं, की हे ‘नॉर्मल वेअर अँड टेअर’ आहे. अहो, लाइफटाइम म्हणजे नक्की कुणाचं लाइफ?

फोटो काकांनाही पाठवले होते. काका तारापूर एमआयडीसीत ३१ वर्षं फिटर होते, आता पालघरला असतात. त्यांचं उत्तर दोन मिनिटांत आलं. ‘हा पाना नाही, पत्रा आहे. शनिवारी ये. सगळं घेऊन ये.’

वैतरणेच्या पुलावर गाडी आली की मुंबई सुटते. दोन्ही बाजूंना खाडीचं पाणी, मग सफाळ्याची झाडी. २०१३ साली विरारच्या पुढे लोकल सुरू झाली आणि २०१४ मध्ये पालघर हा स्वतंत्र जिल्हाही झाला. पण डब्यातली सकाळ अजून गावाकडचीच वाटते. पालघरला उतरले, तर काका स्कूटर घेऊन हजर. पाचबत्तीला, १४ ऑगस्ट १९४२ च्या पाच हुतात्म्यांची आठवण जपणाऱ्या त्या चौकात, एक कटिंग झाली आणि स्कूटर बोईसरऐवजी भलतीकडेच वळली.

‘काका, दुकान?’

‘आधी सातपाटी. लोखंडाचा खरा रंग समुद्राजवळ कळतो.’

सातपाटी आपल्याला पापलेटसाठी माहीत. काका मला थेट होड्यांच्या कामावर घेऊन गेले. एक वयस्क मिस्त्री लाकडी होडीची फळी तासत बसले होते. पुढ्यात वाकस, पटाश्या, गिरमिट. मी माझा मुंबईछाप प्रश्न विचारला, ‘कुठल्या कंपनीचं आहे हे?’ ते वाकस चालवतच म्हणाले, ‘लोहाराचं.’ धार गेली तर? घासायची. पाणी उतरलं, म्हणजे पोलाद मऊ पडलं तर? लोहाराकडे न्यायचं, तो पुन्हा तापवून पाणी देतो. बिल, बॅच नंबर? मिस्त्रींनी काकांकडे पाहिलं, काकांनी समुद्राकडे.

शेजारी होडीच्या इंजिनाचे पाने पडले होते, तेलकट फडक्यात गुंडाळलेले. मी एक उलगडून पाहिला. वरचं चकचकीत क्रोम फोड आल्यासारखं सुटलं होतं आणि खाली गंज. क्रोमच्या थराला बारीक भोक जरी राहिलं, तरी खारी हवा तिथूनच आत शिरते. म्हणजे दुकानात आपण ज्या चकाकीवर भाळतो ती कातडी झाली, हाड नव्हे. इथले लोक म्हणूनच काम झालं की पाना तेलाच्या फडक्याने पुसतात. (माझा सेट मी एकदाही पुसला नव्हता. हे काकांना सांगितलेलं नाही.)

बोईसरला पोचेपर्यंत अकरा वाजून गेले. एक गंमत सांगून ठेवते. ‘तारापूर एमआयडीसी’ तारापूरला नाहीच! ती बोईसरला आहे. तारापूर गाव तिकडे चिंचणीजवळ, समुद्रकाठी. स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की शेअर रिक्षा, पॉलिटेक्निकची पोरं, केमिकलचा एक उग्र, आंबूस वास (बोईसरकरांना तो येत नाही म्हणे) आणि रस्त्याच्या कडेने हार्डवेअर, बेअरिंग, व्हॉल्व्ह, वेल्डिंगची दुकानं. इथे औषधं, रसायनं, कापड, स्टील सगळं बनतं आणि या सगळ्याचे नट-बोल्ट रोज कुणीतरी आवळत असतं. हत्यार चांगलं की वाईट, याचा निकाल इथे एका शिफ्टमध्ये लागतो.

काकांच्या नेहमीच्या दुकानात शिरले. मालकांनी माझ्याकडे बघून पहिला प्रश्न टाकला, ‘ताई, घरासाठी की कामासाठी?’ मी लगेच फणा काढला. बाई दिसली की घरासाठी का? ते शांतपणे म्हणाले, ‘अहो, हे मी सगळ्यांनाच विचारतो. घरचा पाना वर्षातून दहा वेळा फिरतो, कंपनीतला दिवसातून शंभर वेळा. दोघांना एकच माल विकला तर एकाचे पैसे फुकट जातात आणि दुसऱ्याचा हात.’ फणा गुपचूप खाली!

मग भिंतीवरच्या ब्रँड्सची ओळखपरेड. टपारिया तर तुम्हीही पाहिलेली असणार. नाशिकच्या सातपूरची कंपनी. स्वीडनमधल्या एका कंपनीच्या तांत्रिक सहकार्याने १९६९ साली तिने उत्पादन सुरू केलं आणि त्याच वर्षी इथून जवळ तारापूरचं अणुवीज केंद्र सुरू झालं. या काउंटरवर ‘पक्कड द्या’ कुणी म्हणत नाही, ‘१६२१ द्या’ म्हणतात. तो टपारियाच्या पकडीचा मॉडेल नंबर. काकांच्या जुन्या पेटीत मात्र झलानीचे पाने. फरिदाबादची कंपनी, जर्मनीच्या गेडोरेच्या सहकार्यातून उभी राहिलेली. लुधियाना-जालंधरकडचा माल तर खंडीभर, ईस्टमनसारखी तिथली नावं परदेशातही जातात. स्टॅनली अमेरिकन, १८४३ पासूनची, प्लास्टिकच्या पॅकमध्ये छान मिरवणारी. कानस म्हटलं की जेके, तिचा कारखाना आपल्या रत्नागिरीत. आणि कानशीला वॉरंटी वगैरे नसते हं, ती झिजण्यासाठीच जन्माला येते.

‘मग बेस्ट कुठला?’ मी विचारलं आणि काउंटरवर जुंपलीच! मागे उभा असलेला एक मेन्टेनन्सचा मुलगा गोटी पान्यांसाठी परदेशी ब्रँडच्या बाजूने, काका नाशिकच्या बाजूने, मालक दोघांनाही हसत. पाऊण तासाने निघालेला तह असा, की सगळ्यात बेस्ट असा ब्रँड नसतोच. पक्कड एकाची, गोट्या दुसऱ्याच्या, कानस तिसऱ्याची. फिटरची पेटी वर्षानुवर्षं एकेक नग करून भरते. ‘४६ नग एकदम घेणारा,’ काका माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘४० नग कधी वापरत नाही आणि उरलेले सहा कामाचे नसतात.’

घ्यायच्या आधी बघायचं काय? पक्कड मिटून उजेडासमोर धरायची. कापायच्या धारांमधून फट दिसली की परत ठेवायची. उघड-मीट करताना सांधा डुगडुगता कामा नये. पाना असेल तर त्याच मापाच्या नटावर घालून बघायचा. माझ्या स्टँडच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टचं डोकं १३ चं, पण जुन्या अमेरिकन मशीनवरचा अर्ध्या इंचाचा नट १२.७ मिलिमीटर भरतो. १३ चा पाना त्याच्यावर ‘बसल्यासारखा’ वाटतो आणि जोर लावला की नटाचे कोपरे गोल करून टाकतो. तिसरी गोष्ट, नाव नीट वाचा. नावातलं एक अक्षर इकडचं तिकडे केलेला माल बाजारात असतोच. उघड्या तोंडाच्या पान्यांसाठी आयएस २०२८ आणि रिंग पान्यांसाठी आयएस २०२९ ही भारतीय मानकं आहेत, ती पाळल्याचा उल्लेख आहे का, तेही विचारा.

एवढं झाल्यावर मी सॅकमधलं प्रेत बाहेर काढलं. सोबत ई-मेल्सचा गठ्ठा. मालकांनी ई-मेल्स बाजूला सारले. ‘बिल नको. पाना बघू.’ चष्मा वर करून, पाना खिडकीशी नेऊन त्यांनी तो डॉक्टर एक्स-रे बघतात तसा बघितला. ‘हातोडीचा मार नाही. दांड्यावर पाईप घातल्याचा वळ नाही. तोंड फाकलंय, म्हणजे पोलाद मऊ. तडकला असता आणि आत रवाळ दिसलं असतं, तर म्हटलं असतं जास्त कडक झालाय. ताई, तुमची चूक नाही.’

खरं सांगू? सात ई-मेल्समध्ये एकदाही कुणी हे म्हटलं नव्हतं.

काउंटरखाली एक पत्र्याचा डबा होता, मोडक्या हत्यारांनी भरलेला. ठरलेल्या कंपन्यांचा माल गिऱ्हाइकाने मोडून आणला, की मालक खुणा बघतात आणि दोष पोलादाचा असेल तर नवा हातात देतात. मोडका डब्यात जातो. कंपनीचा माणूस ऑर्डर घ्यायला आला की डबा त्याच्यापुढे. जी कंपनी बदलून देत नाही, तिचा माल पुढच्या वेळी शेल्फवर वरच्या कोपऱ्यात. वॉरंटी कार्डवर बहुतेक सगळ्यांचं एकच असतं, धातूत किंवा बनावटीत दोष असेल तर बदलून देऊ, गैरवापर आणि झीज सोडून. पण दोष की गैरवापर, हे ठरवणारा माणूस तुमच्यासमोर उभा आहे की कॉल सेंटरमध्ये, यावर सगळं आलं. अमेरिकेत सिअर्सच्या दुकानात क्राफ्ट्समनचं हत्यार मोडून नेलं, की बिल न विचारता नवं देत. त्या एका सवयीवर पिढ्या त्या ब्रँडच्या झाल्या आणि २०१७ मध्ये तो ब्रँड स्टॅनली ब्लॅक अँड डेकरने विकत घेतला.

मी हे मोठ्या उत्साहाने काकांना सांगत होते. ते उजवा हात काउंटरवर ठेवून ऐकत होते. त्या हाताचं मधलं बोट पहिल्या पेरापासून नाही. लहानपणापासून मी तो हात बघतेय, ‘मशीनमध्ये गेलं’ एवढंच माहीत होतं. काका म्हणाले, ‘मशीनमध्ये नाही गेलं. पाना सटकला, हात पुढे गेला. तिथे मशीन होतं.’ वर्ष १९९६. स्टोअरने त्या महिन्यात स्वस्तातले, बिननावाचे पाने आणले होते. ‘तुझा फोटो बघितला ना, तोंड असंच फाकलं होतं.’

मालकांनी चहा सांगितला. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

निघताना दोन गोष्टी त्यांनी मुद्दाम दाखवल्या. एक, पितळेसारखे दिसणारे पिवळे पाने. सॉल्व्हंटच्या वाफा असतात तिथे पोलादी पान्याची ठिणगी घात करू शकते, म्हणून ठिणगी न पाडणाऱ्या मिश्रधातूचे. पोलादापेक्षा मऊ आणि भयंकर महाग. आपल्याला नकोत, पण ज्याला लागतात त्याने त्यात काटकसर करायची नाही. दुसरी गोष्ट मात्र तुमच्या-माझ्या घरातली. पकडीच्या दांड्यावर रंगीत प्लास्टिक आहे म्हणून ती शॉकप्रूफ होत नाही! दुहेरी त्रिकोणाची खूण आणि १००० व्ही लिहिलेलं असेल तरच. आयईसी ६०९०० या मानकाप्रमाणे असं प्रत्येक हत्यार १०,००० व्होल्टला तपासून बाहेर पडतं. घरी येऊन माझ्या सेटमधली लालभडक पक्कड पाहिली. खूण नाही. हिने मी दोन स्विचबोर्ड उघडले होते. अर्थात, खूण असली तरी आपण मेन स्विच बंद करूनच हात घालायचा.

मी काय घेतलं? १०-११ आणि १२-१३ चे दोन पाने, एक पक्कड, एक टेस्टर आणि १००० व्होल्टचा एक स्क्रू ड्रायव्हर. बस्स. पाच नग. बिलाच्या मागे मालकांनी दुकानाचा शिक्का मारला आणि पेनाने लिहिलं, ‘तुटल्यास आणणे’.

संध्याकाळची परतीची लोकल. सफाळ्याच्या आसपास मोबाइलवर मेसेज आला, ‘आपली तक्रार यशस्वीरीत्या सोडवण्यात आली आहे. कृपया रेटिंग द्या.’ मी एक स्टार दिला. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर फोनमध्ये सेव्ह केला. सोमवारी लंच ब्रेकमध्ये बघते त्यांच्याकडे.

तुम्हाला जायचं असेल तर विरारहून डहाणूकडे जाणारी सकाळची गाडी धरा. या मार्गावर गाड्या कमी आहेत, म्हणून परतीची वेळ आधी बघून ठेवा. दुकानात गर्दी असते, घाईत जाऊ नका आणि मोडकं हत्यार असेल तर ते न पुसता न्या, खुणा तशाच राहू द्या. केळव्याच्या बीचवाल्यांनीही येताना बोईसर करायला हरकत नाही. सातपाटीला पापलेट घ्यायचे असतील तर बर्फाचा डबा सोबत ठेवा. मी नेला नव्हता आणि डब्यातल्या डुलकीवाल्यांनी त्याबद्दल मला विरारपर्यंत माफ केलं नाही.