शाल ठेवा, बाक मांडा

ती. अण्णाकाका,

तुमच्या ज्येष्ठ नागरिक संघाची कार्यक्रमपत्रिका मिळाली. 1 ऑक्टोबर, ज्येष्ठ नागरिक दिन: स्वागतगीत, पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना शाल-श्रीफळ, रक्तदाब तपासणी, अल्पोपाहार. रागावू नका, पण यात ज्येष्ठांनी करायचं असं काहीच नाही. नारळ घ्यायला संघ कशाला हवा?

त्यापेक्षा झिम्बाब्वेतल्या हरारे शहरातल्या आज्यांचं ऐका. त्या देशात मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके. 2006 मध्ये त्यांपैकीच एक, डॉ. डिक्सन चिबांडा यांना हरारेतल्या मबारे या गरीब वस्तीत मानसोपचाराचं काम सुरू करायचं होतं. दवाखान्यात खोली मिळेना, नर्सना उसंत नव्हती. मिळाल्या त्या 14 आज्या, वस्तीत आधीपासून आरोग्याचं काम करणाऱ्या. मग बाहेरच लाकडी बाक मांडला. डॉक्टर त्याला ‘मानसिक आरोग्य बाक’ म्हणत होते. आज्यांनी स्पष्ट सांगितलं, असल्या बाकाकडे कुणी फिरकायचं नाही. डॉक्टरांनी ऐकलं आणि तो ‘मैत्री बाक’ झाला.

आजीच्या हातात 14 प्रश्नांचा कागद असतो. झोप लागते का, रडू येतं का, जीव द्यावासा वाटतो का. उत्तर गंभीर असेल तर ती पुढे तज्ज्ञाकडे पाठवते. एरवी समोरच्याच्या साऱ्या विवंचनांतली एकच त्यालाच निवडायला लावते आणि पुढच्या भेटीपर्यंत तो काय करणार, तेही त्याच्याच तोंडून काढून घेते. उपदेश करायचा नाही. (आपल्या काकूला हे जमायला जरा वेळ लागेल!)

ही नुसती भाबडी गोष्ट नाही. या बाकाच्या, 573 रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष 2016 मध्ये आले. सहा महिन्यांनी नेहमीच्या उपचारांवरच्या गटात जवळपास 50 टक्के लोकांना नैराश्याची लक्षणं होती. बाकावर बसलेल्यांत सुमारे 14 टक्के.

तुमच्या संघात निवृत्त परिचारिका आहेत, शाळेतल्या बाई आहेत, उभा तालुका ओळखणारे तलाठी आहेत. त्यांच्यापुढे मन मोकळं करायला लोक एरवीही येतातच. फक्त ऐकायचं कसं, याचं रीतसर शिक्षण हवं. जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचारतज्ज्ञांशी मी बोलते. ग्रामीण रुग्णालयाच्या अधीक्षकांना तुम्ही भेटा, आवारातली जागा मागा. आणि बाकावर बसून ऐकणाऱ्यांना मानधन मिळालंच पाहिजे, हे आधीच ठरवून घ्या. फुकटची सेवा चार महिन्यांत आटते.

शालींची ऑर्डर दिली नसेल तर थांबवा. तेवढ्या पैशांत एक बाक सहज होईल.

तुमची,
मीरा