फिरत्या घराचा हिशेब

दादा तीन वर्षे आपली बचत एका जुन्या फिरत्या घरावर घालीत राहिला आणि आईच्या भेटीस येणे दर वर्षी पुढे ढकलीत राहिला, याचा मला राग होता. तो राग घेऊनच मी ओहायोला गेलो.

मोटारीमागे जोडून ओढावयाचे असे हे घर. वॉली बायम यांच्या 'एअरस्ट्रीम'ची ॲल्युमिनियमची 'क्लिपर' १९३६ साली निघाली. दादाचे घर त्याच घराण्यातले, १९६४ चे. कित्येक वर्षे उघड्यावर पडून राहिल्याने पाणी झिरपून प्लायवुडची जमीन कुजली होती, खालचा पोलादी सांगाडा गंजला होता. ते बदलण्यासाठी पत्र्याचे सारे कवच उचलून बाजूला ठेवावे लागले. खरेदीच्या चौपट पैसा दुरुस्तीत गेला.

रिव्हेट बसविणे मात्र एकट्याचे काम नव्हे. बाहेरचा माणूस हवेच्या दाबावर चालणाऱ्या हातोड्याने ठोके देतो; आतल्याने त्याच जागी पोलादी ठोकळा घट्ट धरावयाचा. हात हलला, की रिव्हेट वाकडा. एरवी आत वहिनी बसत असत. त्या रविवारी मी बसलो.

संध्याकाळी विचारले, "विकून का टाकीत नाहीस?"

"अर्धवट सोडले तर भंगारच," दादा म्हणाला. मग हलकेच, "आईला यातून फिरवावयाचे होते."

आईला हल्ली जिनासुद्धा उतरवत नाही, हे मी त्याला सांगितले. तो बराच वेळ बोलला नाही. मी त्याची हिशेबाची वही ओढली आणि खिळ्यापत्र्यांच्या रकमांखाली विमानाच्या दोन तिकिटांची रक्कम लिहिली. त्याने ती खोडली नाही.