जास्तीची पानं

झाडीपट्टीत धान निघालं की नाटकांचे दिवस येतात. दिवाळीनंतर मंडईची जत्रा, पुढे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि त्या निमित्तानं रात्रभराचं नाटक. वडसा-देसाईगंजच्या कंपन्या पडदे-पेट्या गाडीत घालून गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदियाच्या गावोगाव जातात. माझं लहानपण अशा रंगमंचांसमोर तणसावर बसून गेलं.

खलनायक म्हणजे तेव्हा झुपकेदार मिशा आणि गडगडाटी हसू. तो आला की शिट्ट्या पडत. त्याची भीती कुणालाच वाटत नसे, मलाही नाही. मात्र एका नाटकातला सावकार अजून अंगावर येतो. त्याचा चेहरा आठवत नाही. आठवते ती त्याच्या कुळाची बायको. पोराला जेवू घालत होती. बाहेर वहाणा वाजल्या. तिनं मान वर केली नाही. पोराची ताटली हळूच सुपाखाली सरकवली आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं. घरात शिजलंय हे दिसलं तर हप्ता वाढेल! सावकार आला, पोराच्या डोक्यावरून हात फिरवून गोड बोलला, गेला. एकही शिट्टी पडली नाही. शेजारच्या म्हातारीनं नातवाला घोंगडीत ओढून घेतलं.

कॉलेजात असताना ‘सामना’ हा सिनेमा पाहिला. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचं दिग्दर्शन, साल १९७५. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील फारसा ओरडत नाही. श्रीराम लागूंचे मास्तर बेपत्ता मारुती कांबळेची चौकशी करत फिरतात आणि माणसं नजर चुकवतात. पाटलाचं सगळं राज्य त्या चुकवलेल्या नजरांत दिसतं.

‘एकच प्याला’ हे नाटक त्याहून जुनं. १९१९ साली गडकरी आमच्याच विदर्भात, सावनेरला गेले आणि त्याच वर्षी ते रंगमंचावर आलं. दारुड्या सुधाकरच्या काठीनं मरणाला टेकलेली त्याची बायको सिंधू फौजदाराला खोटं सांगून नवऱ्याला वाचवते. गडचिरोलीत, जिथं बायाबापड्यांच्या रेट्यानं १९९३ साली दारूबंदी आली, तिथल्या एका गावात मी हा प्रवेश पाहिला. पुरुष हळहळले. बायांना त्या खोट्याचं नवल वाटलं नाही. माझ्याशी सुधाकरच्या काठीपेक्षा त्या बायांचे चेहरे जास्त बोलले.

पुढे मी स्वतः लिहू लागलो, तेव्हापासून ही एक गोष्ट घट्ट धरून आहे. गर्जनेतून नटाचा गळा कळतो. जुलूम किती वर्षांचा आहे, हे सोसणाऱ्याच्या हाताला लागलेल्या सवयीतून कळतं. आणि यात न्यायाचाही प्रश्न आहे. आपल्या नाटकांत टाळ्या खलनायक नेतो. ज्याच्यावर वार होतो तो नुसता आडवा पडायला उरतो. हे मला सहन होत नाही.

यंदाचं नाटक तेंदूपत्त्याचं आहे. ग्रामसभा वनहक्काच्या बळावर स्वतः तेंदू विकू लागल्या, त्याआधीच्या काळातलं. पुडा ७० पानांचा. पहाटे जंगलातून आणलेली पानं बाई दुपारभर बांधते, संध्याकाळी फळीवर, म्हणजे खरेदीच्या जागी नेते. ठेकेदाराच्या मुन्शीनं पुडा हाती घेऊन नुसता बाजूला फेकला की दिवस बुडाला. म्हणून माझी नायिका ७५ पानं बांधते. लेक विचारते, ‘पाच कायची वं माय?’ आई उत्तर देत नाही, पुढचा पुडा घेते. पहिल्या अंकभर मुन्शी रंगमंचावर येतच नाही.

निर्माता कुरकुरला, ‘भाऊ, खलनायकाले एन्ट्रीच नाही?’ मी म्हटलं, आहे, दुसऱ्या अंकात. आणि तेव्हाही तो आवाज चढवणार नाही.

तालमीत नायिकेचं काम करणारी मुलगी म्हणाली, ‘सर, माही माय त ऐंशी बांधे.’ मी संहितेतला आकडा बदलला.