रिक अँकीलने पिचिंग सोडलं, बरं केलं

शाळेच्या निरोप समारंभाला आलेले पाहुणे मुलांना काय सांगणार, हे आम्हा शिक्षकांना आधीच पाठ असतं. भिंतीवरून पुन्हा पुन्हा पडणारा कोळी, एडिसनचा बल्ब आणि शेवटी 'हार मानू नका'. उर्दू माध्यमाच्या शाळेत त्यात एखादा शेर वाढतो, एवढाच फरक. मी वीसेक वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते आहे, म्हणजे हे भाषण वीसेक वेळा तरी ऐकलं आहे. आज मात्र ज्याने हार मानली अशा माणसाबद्दल लिहायचं आहे. माझ्या मते त्याने ती अगदी वेळेवर मानली. तो अमेरिकेचा बेसबॉलपटू, रिक अँकील.

बेसबॉल आपला खेळ नाही, म्हणून आधी थोडं सांगते. पिचर म्हणजे आपल्या भाषेत गोलंदाज, पण तो धावत येत नाही. मैदानाच्या मध्ये मातीचा छोटा उंचवटा असतो, त्यावर उभं राहून तो चेंडू फेकतो. समोर साधारण साडेअठरा मीटरवर फलंदाज, त्याच्या मागे कॅचर. चेंडूला टप्पा नसतो. फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या एका अदृश्य चौकटीतून तो जायला हवा. चौकटीबाहेरचे चार चेंडू फलंदाजाने सोडले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. आणि कॅचरलाही अडवता येणार नाही इतका चेंडू भरकटला, आणि त्यामुळे बेसवरचे खेळाडू पुढे सरकले, तर त्याला 'वाइल्ड पिच' म्हणतात. व्यावसायिक पिचरकडून एखाद्या सामन्यात अशी एखादी वाइल्ड पिच झाली, तर कुणी विशेष मानत नाही.

अँकीलचा जन्म 1979 चा, फ्लोरिडातला. डावखुरा. 1997 मध्ये, शाळेतून बाहेर पडता पडता, सेंट लुइस कार्डिनल्स या संघाने त्याला करारासाठी 25 लाख डॉलर दिले. वीस वर्षांचा झाला आणि महिन्याभरात मोठ्या लीगमध्ये खेळायला लागला. 2000 च्या मोसमात त्याने 11 सामने जिंकले, 194 फलंदाजांना स्ट्राइकआउट केलं. त्याचा वळणारा चेंडू बघायला लोक तिकीट काढून येत. घरी मात्र वेगळं चालू होतं. वडील दारू पिऊन आईला मारत, हे त्याने पुढे स्वतःच्या आत्मचरित्रात लिहिलं. ते वडील त्याच वर्षी अमली पदार्थांच्या तस्करीत तुरुंगात गेले.

मग 3 ऑक्टोबर 2000. बाद फेरीचा पहिला सामना, समोर अटलांटा ब्रेव्ज, त्यांचा पिचर ग्रेग मॅडक्स, म्हणजे त्या काळातला उस्ताद. इतका दबाव असताना 21 वर्षांच्या मुलाला पहिला चेंडू द्यायचा, म्हणून प्रशिक्षक टोनी ला रुसा यांनी एक युक्ती केली होती. पत्रकारांसमोर त्यांनी डॅरिल काइल या दुसऱ्या, अनुभवी पिचरला बसवलं आणि अँकीलचं नाव लपवलं. मुलाला आदल्या दिवशी प्रश्नांचा मारा नको, एवढाच हेतू. (परीक्षेच्या आदल्या दिवशी मुलांना 'तयारी झाली का' विचारत फिरणाऱ्या पाहुण्यांनी हे वाचावं.)

पहिल्या दोन इनिंग ठीक गेल्या. संघाकडे सहा धावांची आघाडी होती. तिसऱ्या इनिंगमध्ये एक चेंडू कॅचरच्या पलीकडे गेला. क्षुल्लक गोष्ट. पण तेवढ्यात त्याच्या डोक्यात विचार आला, की आपण सगळ्या देशासमोर टीव्हीवर वाइल्ड पिच टाकली. त्यानंतर हात त्याचा राहिला नाही. त्या एका इनिंगमध्ये पाच वाइल्ड पिच झाल्या. मोठ्या लीगमध्ये एका इनिंगमध्ये पाच, असं त्याआधी 1890 साली घडलं होतं. दुखापत नव्हती, खांदा दुखत नव्हता. सामना संघाने जिंकला, पण पुढच्या फेरीत न्यूयॉर्क मेट्सविरुद्ध त्याचा पहिलाच चेंडू फलंदाजाच्या डोक्यावरून गेला.

बी.एड.ला आम्ही घोकलं होतं की सरावाने कौशल्य अंगवळणी पडतं आणि मग विचार करावा लागत नाही. ते खरंच आहे. पण अंगवळणी पडलेल्या गोष्टीकडे मन पुन्हा वळून बघायला लागलं की काय होतं, हे पुस्तकात नव्हतं. जिना उतरताना कोणतं पाऊल पुढे आहे याचा विचार करून बघा. खेळाडू याला 'यिप्स' म्हणतात. गोल्फमधून आलेला शब्द. पिट्सबर्गचा स्टीव्ह ब्लास 1971 च्या वर्ल्ड सिरीजचा नायक होता. 1973 मध्ये त्याचा नेम असा गेला की पुढे दोनेक वर्षांत खेळच सुटला. अमेरिकेत या आजाराला त्याचंच नाव पडलं. क्रिकेटमध्येही आहे हे. 2001 मध्ये लॉर्ड्सवर अंतिम सामन्यात लीस्टरशायरच्या स्कॉट बॉसवेलचं एक षटक 14 चेंडूंचं झालं.

तरावीहमध्ये हाफिजसाहेब अडकले तर मागून लुकमा देणारा असतो. मुशायऱ्यात शायर मिसरा विसरला तर श्रोते पुरा करतात. विसरलेला शब्द दुसरा कुणी देऊ शकतो. विसरलेल्या हाताला लुकमा कोण देणार?

अँकीलने काय काय केलं नाही! हार्वी डॉर्फमन या नावाजलेल्या क्रीडा मानसशास्त्रज्ञाची मदत घेतली. हजारो चेंडू टाकले. 2001 च्या पहिल्या सामन्याआधी तर व्होडका प्यायला, हे त्याने पुढे स्वतः कबूल केलं. दारूने बापाचं घर जाळलेलं बघितलेला मुलगा हात स्थिर व्हावा म्हणून दारू पितो, हे वाचताना मला पुढचं पान उलटवेना. त्या वर्षी खालच्या दर्जाच्या मेम्फिसच्या संघात साडेचार इनिंगही पुऱ्या होण्याआधी त्याने 17 फलंदाजांना फुकट बेस दिला. मग त्याला अगदी तळाच्या, नवख्यांच्या लीगमध्ये जॉन्सन सिटीला पाठवलं. आणि तिथे, छोट्या गावात, तो पुन्हा अजिंक्य ठरला. 158 स्ट्राइकआउट. शिवाय गंमत म्हणून बॅट हातात घेतली आणि 10 होम रन मारले.

त्यानंतर कोपर गेलं. 2003 मध्ये शस्त्रक्रिया झाली. त्याला पाठीशी घालणारा डॅरिल काइल 2002 मध्येच शिकागोच्या हॉटेलात झोपेत गेला होता, वय 33. 2004 च्या सप्टेंबरमध्ये अँकील मोठ्या लीगमध्ये परतला तेव्हा त्याने 10 इनिंग टाकल्या आणि फक्त एकाला फुकट बेस दिला. निरोप समारंभाच्या पाहुण्यांना इथे गोष्ट संपवायला फार आवडली असती.

पण मार्च 2005 मध्ये त्याने जाहीर केलं की आपण पिचिंग सोडतो आहोत.

म्हणजे सगळं बिघडलेलं असताना नव्हे, आकडे सुधारल्यावर सोडलं. बाहेरून चेंडू सरळ जात होता, आत प्रत्येक चेंडूची किंमत तो मोजत होता. ती किंमत त्याच्याशिवाय कुणाला दिसत नव्हती. त्याने सोडलं तेव्हा 'हिंमत हरला' म्हणणारे असतीलच. आमच्याकडेही असतात. आमची एक विद्यार्थिनी बैतबाजीत जिल्ह्यापर्यंत गेलेली. एकदा स्टेजवर तिची जीभच उचलेना. पुढच्या वर्षी तिने भाग घ्यायला नकार दिला, तर एका सहकाऱ्याने तिच्या अम्मीला बोलावून 'मुलगी भित्री झाली' असं सांगितलं. ती मुलगी संघातल्या बाकीच्यांची तयारी करून घ्यायला लागली. कोणत्या अक्षरावर कोणता शेर अडचणीत टाकेल, हे तिच्याइतकं कुणाला सुचत नव्हतं. तिला पुन्हा माइकसमोर उभं करायला हवं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही.

अँकील 25 वर्षांचा होता. पुन्हा तळाच्या लीगपासून सुरुवात, आता आउटफिल्डर म्हणून, म्हणजे सीमेजवळचा क्षेत्ररक्षक आणि फलंदाज. 2006 चं वर्ष गुडघ्याने खाल्लं. 2007 मध्ये मेम्फिसलाच, जिथे त्याचं हसं झालं होतं, त्याने 32 होम रन मारले. 9 ऑगस्ट 2007 ला तो सेंट लुइसच्या मैदानावर फलंदाज म्हणून उतरला आणि त्या दिवशी तीन धावांचा होम रन मारला. लोक उभे राहिले. डगआउटमध्ये ला रुसांनाही भावना आवरेनात.

गोष्ट इतकी गोड राहिली नाही, तेही सांगायला हवं. महिनाभरातच बातमी आली की 2004 मध्ये त्याने वाढीचं संप्रेरक मागवलं होतं. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी दिलं, असं त्याचं म्हणणं. तेव्हा लीगमध्ये त्यावर बंदी नव्हती आणि पुढे कारवाईही झाली नाही. पण टाळ्यांचा आवाज थोडा उतरला तो उतरलाच. 2008 मध्ये 25 होम रन, मग संघ बदलत बदलत 2013 पर्यंत खेळला. एकूण 13 विजय पिचर म्हणून, 76 होम रन फलंदाज म्हणून. बाद फेरीत पिचर म्हणून सामना सुरू करणारा आणि नंतर फलंदाज म्हणून त्याच फेऱ्यांत होम रन मारणारा त्याच्याआधी एकच होता, बेब रूथ.

तरी मला त्याचा एकही होम रन तितका आवडत नाही, जितका 6 मे 2008 चा कोलोरॅडोमधला सामना आवडतो. त्या वर्षी बेस चोरण्यात सगळ्यांच्या पुढे असलेला विली टावेरास तिसऱ्या बेसकडे धावत होता. अँकीलने मैदानाच्या टोकावरून, सुमारे 300 फुटांवरून चेंडू फेकला. डावाच हात. विचार करायला वेळ नव्हता. टावेरास पोचण्याआधी चेंडू तिसऱ्या बेसवर होता. त्याच सामन्यात आठव्या इनिंगमध्ये दुसरा एक जण धावला, तेव्हा त्याने तसाच आणखी एक फेकला.