औंढ्याची भिंत, नर्सीची पदं

हिंगोली सोडून औंढ्याच्या रस्त्याला लागलं की हळदीची शेतं दिसू लागतात. गाडीतल्या बहुतेकांना ज्योतिर्लिंगाची ओढ होती, मला देवळाच्या भिंतींची. नागनाथाचं चुन्याचं शिखर पुष्कळ नंतरचं. खालचा काळा दगड मात्र यादवांच्या काळातला. एका कोनातून दुसऱ्या कोनात वळत जाणारी ती भिंत शिल्पांनी गच्च भरलेली आहे. अशा बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो.

हे नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तराचा प्रमुख. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ हा त्याचा अवाढव्य संस्कृत ग्रंथ. मोडी लिपीही त्यानेच आणली, असं परंपरा सांगते; अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही. तरी लेखणी न उचलता भराभर लिहिण्याची निकड दफ्तरालाच असते, हे मला पटतं. त्याच तेराव्या शतकात युरोपातल्या राजदफ्तरांतही कारकुनांचं धावतं वळण रुळत होतं.

यादव राज्य करत देवगिरीहून, पण ताम्रपटांत स्वतःला द्वारावतीचे अधीश्वर म्हणवत. कुळाची प्रतिष्ठा मूळ गावाच्या नावाने मिरवायची ही रीत युरोपच्या सरदारांतही होती. रामचंद्र 1271 मध्ये गादीवर आला आणि 1273 मध्ये हाब्सबुर्ग घराण्याचा रुडॉल्फ जर्मनांचा राजा निवडला गेला. हाब्सबुर्ग हा आजच्या स्वित्झर्लंडमधला त्यांचा किल्ला. 1415 मध्ये तो हातचा गेला, नाव मात्र घराण्याच्या बिरुदांत राहिलं.

औंढ्याहून मी कयाधूकाठच्या नर्सीला गेलो. परंपरेनुसार 1270 मध्ये दामाशेटी शिंप्याच्या घरी नामदेव जन्मले ते इथे. त्यांना विसोबा खेचर गुरू भेटले औंढ्यात. कीर्तनाला मनाई झाली म्हणून नामदेव देवळामागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरलं, ही कथा या भागात घरोघरी ठाऊक आहे. त्यांच्याकडे ना हुद्दा होता, ना ताम्रपट. तरी त्यांची 61 पदं 1604 मध्ये सिद्ध झालेल्या शिखांच्या आदिग्रंथात गुरुमुखीत लिहिली गेली आणि पंजाबात आजही गायली जातात. त्या काळातल्या कुठल्याही राजाच्या बिरुदावलीपेक्षा मला हा मान मोठा वाटतो.

आपली देशमुख, देशपांडे, कुलकर्णी ही आडनावं हुद्द्यांवरून आली. त्या हुद्द्यांच्या वतनांचे कागद पुढे कित्येक पिढ्या मोडीतच लिहिले गेले. 2014 मध्ये मोडीला युनिकोडमध्ये जागा मिळाली, पण ती सहज वाचू शकणारे थोडेच उरले आहेत. औंढ्याला जाल तेव्हा नर्सीही पाहा. आणि घरात मोडी कागदांचं गाठोडं असेल, तर वाळवी लागण्याआधी ते जाणकाराकडून वाचून घ्या.