एका पौंडाची आगबोट

स्कॉटलंडमधील ग्लासगो शहरातून वाहणारी क्लाइड नदी पश्चिमेकडे जाता जाता रुंदावते. ग्रीनॉक गाव मागे पडले की तिचे नदीपण सरते आणि समुद्राचा एक विस्तीर्ण बाहू समोर येतो. दोन्ही काठांना डोंगर, डोंगरांमधून आत शिरलेल्या लांबट खाड्या आणि मध्ये लहानमोठी बेटे. या पाण्यावर १८१२ साली हेन्री बेल नावाच्या उद्योजकाने 'कॉमेट' ही वाफेची बोट भाड्याने उतारू नेण्यासाठी चालू केली. युरोपातील यशस्वी आगबोट-वाहतुकीचा तो आरंभ मानला जातो. पुढे शंभराहून अधिक वर्षे ग्लासगोचे गिरणीकामगार, गोदीकामगार आणि दुकानदार उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलाबाळांसह याच आगबोटींतून किनाऱ्यावरच्या गावांना जात. गावोगावी लाकडी धक्के उभे राहिले. डनून, रॉथसे, लार्ग्स ही गावे या उतारूंवरच वाढली.

त्या आगबोटींच्या ताफ्यातील एकच बोट आज या पाण्यावर धावते. तिचे नाव 'वेव्हर्ली'. सर वॉल्टर स्कॉट यांच्या कादंबरीवरून ते दिलेले आहे. दोन्ही कुशींना चाके असलेली आणि उतारूंना घेऊन खुल्या समुद्रात जाणारी जगातील ही शेवटची आगबोट होय.

याच नावाची आधीची बोट १८९९ सालची. दुसऱ्या महायुद्धात डंकर्कच्या किनाऱ्यावरून सैनिकांना परत आणताना, २९ मे १९४० रोजी, ती बॉम्बहल्ल्यात बुडाली. युद्ध संपल्यावर तिच्या जागी नवी बोट बांधण्यात आली. ग्लासगोच्या ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीतून २ ऑक्टोबर १९४६ रोजी ती पाण्यात उतरली आणि जून १९४७ मध्ये उतारूंच्या सेवेत रुजू झाली. तिची लांबी सुमारे ७३ मीटर. दोन धुराडी, त्यांवर लाल, पांढरा आणि काळा असे तीन पट्टे. ज्या रेल्वे कंपनीसाठी ती बांधली गेली तिचे हे रंग आजही जपलेले आहेत.

या बोटीवर चढणारे उतारू डोंगर-बेटे पाहण्याआधी पुष्कळदा खाली यंत्राकडे वळतात. यंत्र बंद खोलीत नाही. बाजूच्या मार्गिकेत उभे राहून ते चालताना पाहता येते. ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर या कारखान्याने घडवलेल्या या यंत्राला तीन सिलिंडर आहेत. बॉयलरमधून आलेली वाफ प्रथम सर्वांत लहान सिलिंडरमध्ये शिरते, दट्ट्या ढकलते, तिथून निघून मधल्या सिलिंडरमध्ये जाते आणि उरलेल्या जोरावर शेवटी सर्वांत मोठ्या सिलिंडरमध्ये काम करते. मग थंड होऊन तिचे पाणी होते आणि ते पाणी पुन्हा बॉयलरकडे जाते. एकाच वाफेकडून तीनदा काम करून घेण्याची ही काटकसर कोणत्याही जुन्या पेढीवरच्या मुनीमाला मनोमन पटावी अशी आहे.

तीन झळझळीत दांडे आळीपाळीने वरखाली होतात आणि एकच आस फिरवतात. त्या आसाच्या दोन टोकांना दोन चाके. प्रत्येक चाकाला लाकडाच्या आठ रुंद फळ्या असून पाण्यात शिरताना आणि बाहेर पडताना त्या जवळजवळ उभ्या राहतील अशी योजना आहे. त्यामुळे पाणी उगाच वर उडत नाही आणि जोर वाया जात नाही. मात्र दोन्ही चाके एकाच आसावर असल्याने एक पुढे व दुसरे मागे फिरवून बोट जागच्या जागी वळवता येत नाही. अरुंद धक्क्याला तिला लावणे म्हणजे कप्तानाच्या अनुभवाची कसोटीच असते.

काळ बदलला. मोटारी आल्या, मोटारी वाहून नेणाऱ्या सपाट फेरीबोटी आल्या, आणि सुट्टीसाठी स्पेनच्या उन्हात विमानाने जाणे ग्लासगोच्या सामान्य कुटुंबालाही परवडू लागले. एकेक करून चाकांच्या आगबोटी भंगारात गेल्या. १९७३ च्या हंगामानंतर 'वेव्हर्ली'लाही सेवेतून काढण्यात आले. तेव्हा मालक असलेल्या कॅलेडोनियन मॅकब्रेन कंपनीने १९७४ मध्ये ती एका संस्थेला दिली. जुन्या आगबोटींच्या जतनासाठी १९५९ पासून काम करणारी 'पॅडल स्टीमर प्रिझर्व्हेशन सोसायटी' ही हौशी माणसांची धर्मादाय संस्था होती. व्यवहाराला कायदेशीर रूप यावे म्हणून किंमत ठरली एक पौंड.

व्यापारात वाढलेल्या वाचकाला पुढचा प्रश्न सांगावा लागणार नाही. एका पौंडात मिळालेली वस्तू सांभाळायला किती लागतात? बोट धक्क्याला बांधून तिचे संग्रहालय करणे सोपे होते. संस्थेने अवघड मार्ग धरला. वर्गणी गोळा झाली, स्वयंसेवकांनी रंग खरवडले, गंज काढला, आणि २२ मे १९७५ रोजी 'वेव्हर्ली' पुन्हा उतारू घेऊन निघाली. तेव्हापासून जवळजवळ दर हंगामी ती निघते आहे.

तिचे वर्ष पाहण्यासारखे आहे. क्लाइडच्या परिसरातच राहून तिचा चरितार्थ चालत नाही, म्हणून ती ब्रिटनच्या किनाऱ्यांवर फिरते. भर उन्हाळ्याचे जुलै-ऑगस्ट महिने ती स्वगृही असते. ग्लासगोहून निघून डनून, रॉथसे करीत ती ब्यूट बेट आणि मुख्यभूमी यांमधल्या 'काइल्स ऑफ ब्यूट' या चिंचोळ्या सामुद्रधुनीत शिरते. दोन्हीकडची झाडी इतकी जवळ येते की काठावरची घरे न्याहाळता येतात. पुढे टिग्नाब्रूइख गावचा जुना धक्का. कधी ती ॲरन बेटाकडे जाते, जिथे ८७४ मीटर उंचीचा गोटफेल डोंगर दूरवरून दिसू लागतो. कधी एल्सा क्रेग या समुद्रातून उगवलेल्या ग्रॅनाइटच्या खडकाला ती वळसा घालते. त्या खडकाचे कडे हजारो समुद्रपक्ष्यांचे वसतिस्थान आहे. माणसांची वस्ती नाही. बोट अंतर राखून हळू जाते आणि उतारू पक्ष्यांना पक्ष्यांच्या घरी पाहतात.

क्लाइडच्या हंगामाच्या आगेमागे तिच्या फेऱ्या दूरवर होतात. वेल्स आणि इंग्लंड यांमधील ब्रिस्टल खाडीत ती पेनार्थ, क्लीव्हडन, इल्फ्राकूम या गावांना जाते आणि लंडी बेटापर्यंत पोचते. या खाडीत भरती-ओहोटीतील फरक काही दिवशी १२ मीटरांहून अधिक असतो. वेळापत्रक घड्याळापेक्षा समुद्राच्या हाती अधिक. क्लीव्हडनचा धक्का १८६९ सालचा. १९७० मध्ये विम्यासाठी त्याच्या भारक्षमतेची चाचणी घेताना त्याचे दोन गाळे कोसळले. तो पाडून टाकावा असा विचार पुढे आला, पण गावकरी त्यासाठी उभे राहिले. १९८९ मध्ये त्याचा एक भाग उघडला आणि १९९८ मध्ये काम पूर्ण झाले. आज 'वेव्हर्ली' तिथे लागते तेव्हा मरणातून परतलेला धक्का आणि मरणातून परतलेली बोट एकमेकांच्या उपयोगी पडतात. बोट नसती तर धक्का शोभेचा उरला असता. धक्के नसते तर बोटीला लागायला जागा उरली नसती.

शरद ऋतूत ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्याला आणि लंडनच्या टेम्स नदीत येते. साउथएंडचा दोन किलोमीटरांहून लांब धक्का सोडून ती शहराच्या मध्यात पोचते, तेव्हा टॉवर ब्रिजचे दोन्ही पाळे वर उचलले जातात. उंच डोलकाठीच्या बोटीसाठी हा पूल उघडण्याचे कोणतेही शुल्क नाही. चोवीस तास आधी कळवावे लागते, इतकेच. भर वाहतुकीतील रस्ता एका जुन्या आगबोटीसाठी काही मिनिटे थांबतो आणि पुलावर खोळंबलेली माणसे कुरकुर विसरून कठड्याकडे धावतात.

हे चित्र देखणे असले तरी खतावणीतील आकडे कठोर आहेत. बारा महिन्यांचा खर्च सुमारे पाच महिन्यांच्या हंगामात काढायचा असतो. वारा जोराचा असला की फेरी रद्द होते, इंधन महाग होते, नियम बदलतात. १५ जुलै १९७७ रोजी डनूनजवळच्या गँटॉक खडकांवर ती आदळली आणि तिचा तळ फाटला. दुरुस्ती करून तिला पुन्हा पाण्यात आणले गेले. २००० ते २००३ या काळात राष्ट्रीय लॉटरीच्या वारसा निधीतून मोठे साहाय्य मिळाले आणि तिची आमूलाग्र पुनर्बांधणी झाली. २०१९ च्या हंगामाच्या तोंडावर बॉयलर निकामी ठरले आणि संपूर्ण हंगाम बुडाला. २३ लाख पौंडांचे आवाहन निघाले. सामान्य उताऱ्यांनी, निवृत्तांनी, देशोदेशीच्या हितचिंतकांनी आपापल्या ऐपतीप्रमाणे दिले आणि स्कॉटलंडच्या सरकारने १० लाख पौंड घातले. धुराडी उचलून नवे बॉयलर आत उतरवण्यात आले आणि ऑगस्ट २०२० मध्ये बोट पुन्हा निघाली.

तिच्या पोटातील हे बॉयलर चौथ्या पिढीचे आहेत. पत्रे बदलले, फळ्या तर सतत बदलल्या जातात. मग ही तीच बोट म्हणावी का? ज्या समाजाने शतकानुशतके आपल्या मंदिरांचे शिखर, मंडप, फरशी पुन्हापुन्हा नवी केली आणि तरी तीर्थ तेच मानले, त्याला हे कोडे पडू नये. नवे मंदिर उभारण्यापेक्षा जुन्याच्या जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे जैन परंपरेत सांगितले जाते. त्यामागचा व्यवहारही खोल आहे. नव्या वास्तूवर नावाची पाटी लागते आणि दात्याला समाधान मिळते. जुन्याच्या दुरुस्तीत बहुतेकदा नाव नसते. असते ती फक्त पूर्वजांनी सोपवलेली जबाबदारी. 'वेव्हर्ली'च्या बॉयलरसाठी पाच-दहा पौंड देणाऱ्याचे नाव कोणत्याही धुराड्यावर लिहिलेले नाही. मालक वस्तूचा उपभोग घेतो. विश्वस्त ती पुढच्याच्या हाती देण्यासाठी सांभाळतो. एका पौंडाच्या त्या व्यवहारात मालकी सरली आणि विश्वस्तपण सुरू झाले.

मराठी वाचकाला इथे कोकण आठवल्याशिवाय राहत नाही. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ले करीत गोव्यापर्यंत आगबोटी जात. चाकरमानी, लग्नाची वऱ्हाडे, व्यापाऱ्यांचा माल आणि आंब्याच्या पेट्या त्यांतून येत-जात. 'वेव्हर्ली' सेवेत आल्याला जेमतेम महिना झाला होता, तेव्हा १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक जीव गेले. ती आठवण किनाऱ्यावर अजून ताजी आहे. रस्ते झाले, एस.टी. आली, पुढे रेल्वे आली आणि कोकणची उतारू आगबोट बंद पडली. आज त्यांतील एकही चालती राहिलेली नाही. तिच्या गोष्टी आजी-आजोबांजवळ आहेत, तिचा भोंगा कोणाजवळच नाही.

श्रीपाळाच्या कथेत धवल शेठची पाचशे गलबते बंदरातच अडकून पडतात आणि शेठच्या संपत्तीने ती हलत नाहीत. हलतात ती श्रीपाळाच्या नवपदावरील श्रद्धेने. क्लाइडच्या काठी देव-धर्म वेगळा आणि समुद्रही वेगळा. पण अडकलेली बोट हलवायला केवळ धन पुरत नाही, हे तिथल्या माणसांनीही अनुभवाने जाणले आहे. त्यांची निष्ठा दर वर्षी हिवाळ्यात कसाला लागते. ऑक्टोबरमध्ये बोट परतते. मग गंजलेल्या पत्र्यांवर हातोडीचे घाव, नव्या फळ्या, नवा रंग, तपासणीसांची प्रमाणपत्रे आणि पुढच्या हंगामासाठी पुन्हा वर्गणीची पत्रके. मे महिन्यात धुराड्यातून पहिला धूर निघेपर्यंत हे काम कोणाला दिसत नाही, आणि ते करणाऱ्यांची तशी अपेक्षाही नसते.