रुळांतील फट

चाळिशीनंतर माणसाने कोणता छंद लावून घ्यावा, याला काही शास्त्राधार नाही. माझ्या एका सहकाऱ्यांनी योगासने धरली, दुसऱ्यांनी गुलाब लावले. मी आगगाडी घेतली. खरी नव्हे, खरीच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाची, दोन रुळांत साडेसोळा मिलिमीटर अंतर असलेली.

हा रोग मला पुण्यात जडला. कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना पाहायला मिळते. तिथे मी असा रमलो, की पत्नीने मारलेल्या तीन हाकाही मला ऐकू आल्या नाहीत!

खामगावला परतल्यावर तीन समदुःखी भेटले : एक औषधविक्रेते, एक बँकेतले कारकून आणि एक वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. सरकीच्या जुन्या गोदामात दर रविवारी आमचे मंडळ भरू लागले. देखावा कशाचा करायचा, यावर वाद झालाच नाही. कापसाच्या बाजारासाठी १८७० साली सुरू झालेला जलंब-खामगाव हा आमचा घरचा फाटा. लांबी जेमतेम १३ किलोमीटर. पण प्रमाणात करायचा तर दीडशे मीटर जागा हवी! आम्ही तो ८ बाय ४ फुटांच्या प्लायवूडवर बसवला. प्राध्यापकांनी वाळक्या काड्यांच्या बाभळी केल्या, तर औषधविक्रेत्यांनी दुकानातल्या कापसाच्या गाठी बांधल्या.

खरे रूळ खामगावला संपतात. ते पुढे जालन्यापर्यंत न्यावेत, ही मागणी फार जुनी आहे. मी म्हटले, निदान आपल्या फळीवर तरी गाडी अडायला नको. म्हणून खामगावापुढे रुळांना गोल वळसा देऊन ते पुन्हा मूळच्या मार्गाला जोडले. बारा व्होल्टचा प्रवाह सोडला. गाडी हलेना! तारा तपासल्या, इंजिन पुसले, तीन रविवार गेले.

त्याच दिवसांत घरीही एक गाडी अडली होती. बारावीला उत्तम गुण मिळवून आमच्या चिरंजिवांनी आयटीआयमध्ये वीजतंत्रीचा अभ्यासक्रम घ्यायचे ठरवले होते. वडील प्राध्यापक, मी प्राध्यापक, आणि हा हातात पक्कड घेणार! मी महिनाभर त्याच्याशी बोललो नव्हतो.

चौथ्या रविवारी त्याच्या आईने त्याला चहाचा थर्मास देऊन गोदामात पाठवले. तो फळीपाशी वाकला आणि रुळावरून बोट फिरवू लागला.

"बाबा, हा डावा रूळ फिरून उजव्याला मिळतोय. एकात धन, दुसऱ्यात ऋण. गाडी चालेल कशी?"

वळशाच्या दोन्ही तोंडांशी त्याने दोन्ही रूळ कापायला घेतले. माझ्या पोटात गोळा आला.

"अरे, जोडलेलं तोडतोस कशाला?"

"जोडलंय म्हणूनच तर अडलंय, बाबा."

फटींत त्याने प्लॅस्टिकचे तुकडे बसवले आणि वळशाला वेगळी कळ दिली. गाडी वळशात असताना बाहेरच्या रुळांतला प्रवाह उलटा करायचा, की ती आल्या वाटेने परत जलंबला निघते. आणि खरोखरच निघाली! चार प्रौढ गृहस्थांनी टाळ्या वाजवल्या.

वीस वर्षे मी वर्गात संधी शिकवतो आहे : हे अक्षर त्याला जोडा, ते याला. काही ठिकाणी बोटभर जागा मोकळी ठेवली तरच पुढचे चालते, हे मात्र मला मुलाने कापलेल्या रुळांनी शिकवले.

परतताना मी विचारले, "वर्ग कधी सुरू होतात?"

तो चालता चालता थांबला. मग बोलू लागला तो थेट घर येईपर्यंत. मोटारी, तारा, कळा. मला निम्मेही कळले नाही. घरी येताच मी चष्मा शोधला आणि त्याच्या कागदांवर पालकाची राहिलेली सही केली.

"चहा गरम होता ना?" पत्नीने विचारले.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले. थर्मास गोदामातच राहिला होता, न उघडलेला.